कासदाहाचा जिवाणू ओळखायचा, तर आधी नमुना नीट घ्या

दुधातल्या गाठी, रंग किंवा वास पाहून कासदाहाचा (गाईच्या कासेला जंतूंमुळे येणाऱ्या सुजेचा) जिवाणू छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या भरवशावर औषध निवडू नये. जिवाणू कळतो तो प्रयोगशाळेत, दुधातले जिवाणू माध्यमावर (त्यांना वाढवण्याच्या पोषक थरावर) वाढवून पाहिल्यावर. मात्र वाढतो तो त्या दुधातला जिवाणू की शेणातला, हे नमुना घेतानाच ठरते. म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या पाच मिनिटांसाठी आहे.

नमुना प्रतिजैविक देण्यापूर्वी, बाधित सडाचा स्वतंत्र घ्यावा. बादलीतले किंवा चारही सडांचे एकत्र केलेले दूध या कामाला निरुपयोगी असते. कास फार मळलेली नसेल तर ती धुऊ नये, कारण ओल्या कासेवरून ओघळणारे पाणी सडाच्या टोकाशीच जमते. धुवावीच लागली, तर पूर्ण कोरडी करावी. हातमोजे घालून पहिल्या तीन-चार धारा टाकून द्याव्यात. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने सडाचे टोक, विशेषतः छिद्राभोवतीची जागा, घासून पुसावी आणि बोळा स्वच्छ निघेपर्यंत दर वेळी नवा बोळा घ्यावा. एकच बोळा चारही सडांवर फिरवणे म्हणजे घाण सगळीकडे सारखी वाटणे. अल्कोहोल वाळेपर्यंत थांबावे.

एकाहून अधिक सडांचे नमुने घ्यायचे असतील, तर पुसताना आपल्यापासून दूरचे सड आधी व जवळचे नंतर, आणि दूध घेताना नेमके उलट, जवळचे आधी व दूरचे नंतर, हा क्रम पाळावा. नाहीतर पुसून झालेल्या सडाला आपलाच हात लागतो. निर्जंतुक नळीचे झाकण आतली बाजू खाली ठेवून बोटांत धरावे, नळी आडवी तिरपी ठेवावी, म्हणजे कासेवरचा केर तिच्यात पडत नाही. नळीची कड सडाला लागता कामा नये; लागली, तर ती नळी बाजूला ठेवून नवी घ्यावी. दोन-तीन मिलिलिटर दूध पुरते. नळी भरून घेण्याचा हट्ट नको.

नळीवर गाय, सड व तारीख लिहून ती बर्फावर ठेवावी आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी.

तिथे दूध ब्लड अगार (रक्त घातलेले माध्यम) व मॅककॉन्की अगार या दोन माध्यमांवर पसरून ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि २४ व ४८ तासांनी पाहतात. तीन किंवा अधिक प्रकारच्या वसाहती (जिवाणूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके) दिसल्या, तर नमुना दूषित समजून पुन्हा घ्यावा. मॅककॉन्कीवर गुलाबी वसाहती ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला या जिवाणूंकडे बोट दाखवतात. क्लेब्सिएलाच्या बहुधा चिकट असतात. ब्लड अगारवरच्या ग्रॅम-पॉझिटिव्ह गोलाणूंसाठी (ग्रॅम रंगाने जांभळ्या दिसणाऱ्या गोल जिवाणूंसाठी) ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची कॅटालेज चाचणी करावी: बुडबुडे आले तर स्टॅफिलोकोकस, नाही आले तर बहुधा स्ट्रेप्टोकोकस. वसाहत उचलताना खालचा अगार मात्र खरवडू नये. रक्तातल्या तांबड्या पेशींमुळेही बुडबुडे येतात. स्टॅफिलोकोकसमधला ऑरियस वेगळा काढण्यासाठी सशाच्या प्लाझ्मावर (रक्तातल्या द्रवावर), तो गोठतो का हे पाहणारी कोअ‍ॅग्युलेज चाचणी करतात.

काहीच वाढले नाही, म्हणून सड निरोगी ठरत नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस दुधात सतत उतरत नाही, तेव्हा संशय असल्यास काही दिवसांनी नमुना पुन्हा घ्यावा. मायकोप्लाझ्मा हा कासदाहाचा आणखी एक जिवाणू वरच्या माध्यमांवर वाढतच नाही. त्याची शंका असल्यास नमुना देतानाच तसे स्पष्ट सांगावे.