लिनक्सला जुनी हार्ड डिस्क दिसत नाही? आधी ती कुठे अडली ते शोधा

मागच्या पावसाळ्यात रामबागेतल्या एका काकूंनी कापडी पिशवीत गुंडाळून एक हार्ड डिस्क आणून दिली. ४० जीबी, आयडीई (रुंद पट्टीची केबल लागणारी जुनी जोडणी), काकांच्या जुन्या संगणकातली. मंडळाच्या गणपतीचे हिशेब आणि स्मरणिका वर्षानुवर्षं काकाच बघायचे. "त्यात सगळं आहे रे, तू फक्त उघडून दे," एवढंच काकूंचं म्हणणं. संगणक केव्हाच भंगारात गेलेला. जेल रोडवर आयडीईचं यूएसबी कन्व्हर्टर मागितलं तर दुकानदार हसला, "भिया, आयडीई का जमाना गया," पण खालच्या खोक्यात हात घालून एक काढलंच. घरी येऊन लिनक्स मिंटला जोडलं. काही नाही. फाइल मॅनेजरमध्ये नावसुद्धा नाही.

"लिनक्स ओळखत नाही" म्हणतो तेव्हा आपण चार-पाच वेगवेगळ्या दुखण्यांना एकच नाव देत असतो. डिस्कला वीज पुरत नसेल. जंपर चुकीचा असेल. मधलं कन्व्हर्टर नाठाळ असेल. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ड्रायव्हर (उपकरणाशी बोलणारा प्रोग्राम) नसेल. किंवा डिस्क ओळखलेली असेल आणि तिच्यावरची फाइल सिस्टीम (फाइली मांडून ठेवायची पद्धत) तेवढी कळत नसेल. स्क्रीनवर मात्र प्रत्येक वेळी तीच रिकामी खिडकी. म्हणून तपास बाहेरून आत करायचा, विजेपासून फाइलीपर्यंत. मी नेमकं उलटं केलं. आधी पॅकेजं टाकत बसलो आणि एक अख्खी संध्याकाळ घालवली.

सुरू करण्याआधी एक पथ्य. पूर्ण नक्कल निघेपर्यंत डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. "फॉरमॅट करू?", "दुरुस्त करू?", "इनिशियलाइझ करू?" असं कुठलाही प्रोग्राम विचारो, उत्तर नाही. फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारं एफएसचेकसुद्धा नको.

खाली आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठं अक्षर हवं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी कान लावा

साडेतीन इंची डिस्कला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात. यूएसबीतून फक्त ५ येतात, त्यामुळे कन्व्हर्टरसोबतचा वेगळा अडॅप्टर लावावाच लागतो. आधी वीज द्या आणि डिस्क फिरायला लागली की मग यूएसबी जोडा. हात ठेवलात तर सुरुवातीचा हलका हिसका आणि मग एकसारखी घरघर जाणवते. काहीच जाणवलं नाही तर दुसरा अडॅप्टर लावून बघा. जुन्या कन्व्हर्टरांमध्ये सगळ्यात आधी तोच मरतो.

लॅपटॉपची अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, पण फिरायला सुरुवात करताना ती बराच करंट ओढते. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. डिस्क फिरते, थांबते, पुन्हा फिरते असं झालं तर दोन तोंडांची केबल वापरा, नाहीतर स्वतःची वीज असलेला हब.

ठराविक अंतराने टक्… टक्… टक्… असा आवाज आला तर लगेच वीज काढा. हेड जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये. अशा डिस्कवर जेवढे प्रयोग तेवढं नुकसान. आतला माल मोलाचा असेल तर डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे जा. आणि डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या. बाहेर काढल्यावर तिच्यावर जे दव धरतं, ते वेगळंच संकट.

जंपर: तांदळाएवढा, पण सगळं अडवणारा

आयडीई डिस्कच्या मागे एका बाजूला ४० पिनांचा सॉकेट, दुसऱ्या बाजूला चार जाड पिनांचा वीजपुरवठा, आणि दोहोंच्या मध्ये छोट्या पिनांची दुहेरी रांग असते. तिथल्या दोन पिनांवर प्लॅस्टिकची बारीकशी टोपी बसवलेली असते. ती जंपर. एका केबलवर दोन डिस्क जोडायच्या काळात मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण हे तीच ठरवायची. बहुतेक यूएसबी कन्व्हर्टरांना समोर मास्टर लागतो. काकांची डिस्क त्यांच्या संगणकात दुसरी म्हणून बसवलेली, म्हणजे स्लेव्ह. कन्व्हर्टर मास्टरला हाका मारत होतं आणि ही गप्प बसून होती.

कुठल्या पिनांवर टोपी बसवायची याचं चित्र डिस्कच्या लेबलवरच असतं. चष्मा लावा, मोबाइलचा टॉर्च धरा, राखी बांधताना गाठ सोडवायला घेतो तसला बारीक चिमटा घ्या आणि टोपी सरळ मागे ओढा. वाकडी ओढली की पिन वाकते. काढलेली टोपी वाटीत ठेवा. फरशीवर पडली की ती केरातच सापडते. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच आयडीई डिस्कांची एक खोड आहे: एकटी जोडायची असेल तर त्यांना मास्टरऐवजी "सिंगल" लागतं, म्हणजे टोपी पूर्ण काढून टाकायची. "मास्टर" ठेवलं तर ती सोबतच्या स्लेव्हला शोधत बसते.

काही जुन्या डिस्कांवर ३२ जीबीची मर्यादा घालणारा वेगळा जंपरही असतो. त्या काळच्या बायोसला (संगणक चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम) मोठी डिस्क झेपत नसे म्हणून तो दिलेला. डिस्क दिसते पण आकार भलताच लहान, असं झालं तर आधी तिकडे बघा. आकार बरोबर १३७ जीबीला अडला तर मात्र दोष २८ बिटांच्या जुन्या पत्त्याचा. त्या काळच्या कन्व्हर्टरला किंवा बायोसला त्यापुढे मोजता येत नाही. कन्व्हर्टर बदला.

लॅपटॉपच्या अडीच इंची आयडीई डिस्कला ४४ पिना असतात, वीज त्यांच्यातूनच जाते, आणि शेजारी थोडी जागा सोडून जंपरच्या ४ पिना. कनेक्टर एक रांग सरकून बसला तर वीज भलत्याच पिनेत जाते. दाबण्याआधी बाजूने डोळ्यांच्या पातळीवर धरून बघाच.

मग कर्नल काय म्हणतोय ते वाचा

इथे लिनक्सची खरी मदत होते. डिस्क काढून ठेवा, टर्मिनल उघडा आणि "सुडो डीमेसेज -डब्ल्यू" चालवा (डी, एम, ई, एस, जी ही त्यातली अक्षरं). आता डिस्क जोडा. कर्नल जे काही पाहतो ते ओळीओळीने समोर उमटत जातं.

एकही नवी ओळ आली नाही तर संगणकापर्यंत काही पोचलंच नाही. केबल बदला, पुढचा पोर्ट सोडून मागचा वापरा, मध्ये हब असेल तर तो काढा. "एलएसयूएसबी" या आज्ञेच्या यादीत कन्व्हर्टरच नसेल तर डिस्कला दोष देऊ नका.

"डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड" आणि पुढे "एरर -७१" किंवा "-११०" दिसलं तर बोलणं सुरू झालं आणि मध्येच तुटलं, असं समजा. बहुतेक वेळा केबल खराब असते, नाहीतर वीज कमी पडते. यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टवर असं होत असेल तर यूएसबी २ मध्ये लावून बघा. वेग जाईल, पण जुनी कन्व्हर्टरं तिथे शहाण्यासारखी वागतात.

डिस्क येते, थोडा वेळ चालते आणि पुन्हा पुन्हा "रीसेट" होते. ओळींमध्ये "यूएएस" हा शब्दही दिसतो. हे दुखणं यूएसबी ३ च्या पेट्यांचं, म्हणजे डिस्क आत बसवायच्या बाहेरच्या खोक्यांचं. यूएएस ही यूएसबीवरून वेगाने डेटा नेणारी पद्धत. काही पेट्यांच्या चिपा ती येते असं सांगतात, पण त्यांना ती नीट जमत नाही. एलएसयूएसबीत त्या पेटीच्या ओळीवर विसर्गचिन्हाने (कोलनने) जोडलेले चार-चार अक्षरांचे दोन आकडे असतात, ते टिपून घ्या. संगणक सुरू होताना ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत "ई" दाबा आणि "लिनक्स" शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी "यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=" लिहून पुढे ते आकडे, पुन्हा विसर्गचिन्ह आणि यू हे अक्षर टाका. कंट्रोल-एक्सने सुरू करा. हा बदल त्या एका वेळेपुरताच राहतो, त्यामुळे बिनधास्त करून बघा.

"मीडियम एरर" किंवा "आय/ओ एरर" च्या रांगा लागल्या तर लिनक्सने डिस्क ओळखली आहे, पृष्ठभाग खराब आहे. लगेच नकलेच्या पायरीवर जा.

डिस्क आत बसवली असेल तर

जुन्या डेस्कटॉपमध्ये थेट जोडलेली डिस्क दिसत नसेल तर आधी बायोस उघडा. तिथेच नाव नसेल तर लिनक्सशी भांडण्यात अर्थ नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलून बघा. तो संपला की सेटिंग मूळ पदावर येतात आणि कधी आयडीई कंट्रोलरच बंद होऊन बसतो. ८० तारांच्या केबलचं निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला.

बायोसला दिसते पण लिनक्सला नाही, तर "एलएसपीसीआय -के" चालवा आणि कंट्रोलरच्या ओळीखाली ड्रायव्हरचं नाव आहे का पाहा. आयडीईचे जुने ड्रायव्हर कर्नल ५.१४ मधून, २०२१ साली, काढून टाकले. त्यांचं काम आता कर्नलमधल्या लिबाटा या संचातले "पाटा" नावाने सुरू होणारे ड्रायव्हर करतात. म्हणून पूर्वीची "एचडीए" आता "एसडीए" झाली आहे. जुन्या लिनक्सची एफएसटॅब फाइल (कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) तशीच उचलून आणली असेल तर ती नसलेल्या नावाला शोधत राहते.

२००४-०५ च्या सुमाराच्या व्हिया व्हीटी८२३७ चिपसेटवर नवी साटा (आयडीईनंतर आलेल्या जोडणीची) डिस्क लावली तर दोघांचं वेगावर एकमत होत नाही. अशा वेळी डिस्कवरच्या जंपरने वेग १.५ गिगाबिटांवर बांधून ठेवतात.

दिसली, पण उघडत नाही

"एलएसबीएलके -एफ" डिस्क, तिचे भाग (पार्टिशन) आणि त्यांच्या फाइल सिस्टीम दाखवतं. डिस्क आहे पण भागच नाहीत, आणि ती पूर्वी दुसऱ्या पेटीत होती असं असेल, तर ती पेटी शोधा. काही पेट्या ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ चे म्हणून दाखवायच्या. पेटी बदलली की विभागांचा तक्ता जुळत नाही आणि भरलेली डिस्क कोरी वाटते. अशा भरलेल्या डिस्का लोकांनी स्वतःच्या हाताने फॉरमॅट केलेल्या आहेत.

"एलव्हीएम२_मेंबर" (लिनक्सची भाग एकत्र सांभाळायची सोय) दिसलं तर "सुडो व्हीजीचेंज -एवाय" ने आतले भाग जागे होतात. रायझरएफएस ही फाइल सिस्टीम असेल, एके काळी सुसे या लिनक्सची ती नेहमीची निवड होती, तर कर्नल ६.१३ पासून तिचा आधार काढला आहे. जुन्या वितरणाचा लाइव्ह पेनड्राइव्ह करून तिथून वाचा.

नक्कल

उबंटू-मिंटमध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, आज्ञा मात्र डीडीरेस्क्यू. नक्कल जिथे ठेवणार तिथे डिस्कच्या पूर्ण आकाराएवढी जागा हवी, मग आत माल कितीही थोडा असो. डिस्कचं नाव एलएसबीएलकेमध्ये आकारावरून दोनदा तपासून घ्या आणि मग:

सुडो डीडीरेस्क्यू -एन /डेव्ह/एसडीबी काका.आयएमजी काका.मॅप

"-एन" मुळे अवघड जागांवर तो रेंगाळत नाही, सोपं ते आधी उचलतो. दुसऱ्या फेरीत "-एन" च्या जागी "-आर३" द्या, बाकी सगळं तसंच. मॅप फाइल जपा. तिच्यामुळे वीज गेली तरी काम जिथे थांबलं तिथूनच पुढे चालू होतं. धडधाकट ४० जीबीला यूएसबी २ वर वीस-पंचवीस मिनिटं लागतात. डिस्क तापत असेल तर टेबलफॅन तिच्याकडे वळवा.

यापुढचं सगळं नकलेवर. "सुडो लोसेटअप -एफ -पी -आर काका.आयएमजी" यातला पी मोठा, आणि लोसेटअपची सुरुवात एल-ओ अशी. मग भाग "लूप" नावाने दिसतात. ते फक्त-वाचन पद्धतीने माउंट करा, म्हणजे फाइली बघता येतील असे जोडा. ईएक्सटी३ ही लिनक्सची फाइल सिस्टीम असेल तर "आरओ,नोलोड" असे दोन्ही पर्याय द्या, नाहीतर जर्नल (बदलांची नोंदवही) पुन्हा चालवायचा प्रयत्न होतो.

काकांच्या डिस्कवर विंडोज एक्सपी होती, एनटीएफएस आणि फॅट३२, दोन्ही मुकाट्याने उघडले. पण स्मरणिकेची फाइल उघडली तर नुसता अक्षरांचा चिखल. काकू म्हणाल्या, "खराब झालीये ना?" नव्हती. युनिकोडच्या आधी मराठी श्रीलिपीसारख्या फॉन्टांमध्ये टाइप व्हायचं. आत साठवलेली अक्षरं रोमन चिन्हांची, मराठी रूप देणारा तो फॉन्ट. फॉन्ट नसेल तर चिखल दिसणारच. तोच फॉन्ट बसवा किंवा मजकूर त्या फॉन्टच्या युनिकोड परिवर्तकातून काढा. अर्धा र आणि रफार मात्र हाताने तपासावे लागतात.

२००६ च्या वर्गणीची यादी शेवटी नीट वाचता आली. "बाकी" च्या रकान्यात आमच्या बाबांचं नाव, ५१ रुपये. काकूंनी चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि पावतीपुस्तक कुठेय म्हणून विचारलं.