पाणी चढायच्या आधी गोठ्याचं ठरवा

पुराच्या वेळी शेतकऱ्याचा पाय अडतो तो गोठ्यापाशी. माणसं निघायला तयार असतात, पण गाई-म्हशींचं काय करायचं या घोळात वेळ जातो आणि तोवर रस्त्यावर पाणी येतं. म्हणून मुळा-मुठा, भीमा, नीरा काठच्या शेतकऱ्यांनी जनावरं कुठे न्यायची, कोणत्या वाटेने, हे मृगातच ठरवावं. पाहुण्यांचा उंचावरचा मळा असेल तर आत्ताच बोलून ठेवा आणि चार दिवसांची वैरण तिथे टाकून या.

दौंडकडे आभाळ कोरडं दिसतं आणि नदी तरीही फुगते, कारण पाऊस पडत असतो घाटमाथ्यावर. तेव्हा आपल्या शिवारातल्या पावसावर विसंबू नका, खडकवासला धरणाच्या (नीराकाठी असाल तर वीर धरणाच्या) विसर्गाचा, म्हणजे सोडलेल्या पाण्याचा, आकडा रोज पाहा. तो वाढू लागला की नदीवरची मोटार आणि स्टार्टर त्याच दिवशी वर काढा. रात्री त्यासाठी पाण्यात उतरू नका, जीव मोटारीपेक्षा मोठा आहे.

दाव्याचं, म्हणजे जनावर बांधायच्या दोराचं, मात्र नीट ऐका. खुंट्याकडे निरगाठ नको, सुरगाठ मारा. दोराचं मोकळं टोक ओढलं की गाठ सुटली पाहिजे, तीही अंधारात आणि घरातल्या आजीच्या हातानेसुद्धा. आज संध्याकाळी धार काढून झाली की सगळ्यांकडून एकदा सोडवून घ्या. जनावर हलवणं जमलंच नाही तर मोकळं सोडा. मोकळं जनावर पोहून उंचवटा गाठू शकतं, बांधलेलं जागच्या जागी बुडतं.

सातबारा, आठ-अ, पासबुक, रेशनकार्ड, औषधं आणि बॅटरी एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कानातल्या बिल्ल्यासकट प्रत्येक जनावराचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. निघताना मेन स्विच आणि गॅस बंद करा.

आंबेगाव, मुळशी, भोरच्या डोंगरउतारावर धोका वेगळा. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव सकाळी दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं दगावली. उताराला नव्या भेगा, कललेली झाडं किंवा खांब, झऱ्याचं अचानक गढूळलेलं पाणी, यातलं काहीही दिसलं तर आदेशाची वाट पाहू नका, त्याच घटकेला घर सोडा. मदतीला ११२, जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७.

परतल्यावर जनावर दगावलेलं आढळलं तर आधी तलाठी आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. पंचनामा होईपर्यंत पुरू नका.