आल्प्समधील दरीच्या गावात सुटी : खान्देशातून जाणाऱ्यांसाठी

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की घरोघरी थंड हवेच्या गावांचे बेत सुरू होतात आणि अलीकडे त्यांत स्वित्झर्लंडचेही नाव निघते. बहुतेक जण आठ दिवसांत सहा शहरे उरकतात आणि आल्प्स बसच्या खिडकीतूनच पाहून परततात. माझे आग्रहाचे सांगणे असे की एकच लहान गाव निवडावे आणि तेथे किमान पाच रात्री राहावे, कारण डोंगरातला पाऊस एखादा दिवस घेणारच, आणि तो गेला तरी सहल वाया जाता कामा नये.

लाउटरब्रुनेन हे असे गाव आहे. इंटरलाकेनहून रेल्वेने ते वीस मिनिटांवर असून समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, दोन उभ्या कड्यांच्या मधोमध वसलेले आहे. गावालगतच सुमारे ३०० मीटरवरून श्टाउबबाख धबधबा कोसळतो. नावातील ‘श्टाउब’ म्हणजे धूळ, आणि वाऱ्याच्या दिवशी खाली उभे राहिले की त्याचा अर्थ कळतो : धार अर्ध्या वाटेतच विस्कटते, एका अंगाला झुकते आणि आपल्या चेहऱ्यापर्यंत नुसते तुषार पोहोचतात.

मुलांच्या शाळेमुळे मे महिनाच हाती असेल, तर उंचावरच्या वाटांवर बर्फ असते आणि काही रोपवे देखभालीसाठी बंद असतात, हे गृहीत धरूनच बेत आखावा. अशा वेळी लाउटरब्रुनेन ते श्टेखेलबर्ग ही दरीच्या तळाने जाणारी, जवळजवळ सपाट अशी दोन तासांची वाट उत्तम. आजी-आजोबाही ती सावकाश चालू शकतात. वाटेवरच्या ट्रुमेलबाख धबधब्यांपाशी डोंगराच्या पोटातून सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत पाणी घोंघावत येते. तेथे चार वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. ज्यांना सुटीचे बंधन नाही, त्यांनी जूनअखेर ते सप्टेंबर हाच काळ धरावा.

वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, चालण्याचा वेळ लिहिलेला असतो. त्यात विसावा धरलेला नसतो, म्हणून आपण त्याची दीडपट करावी. पांढरी-लाल-पांढरी खूण दिसली की ती डोंगरी वाट समजावी आणि चांगल्या पकडीचे बूट असल्याशिवाय तिकडे वळू नये; पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या खुणेची वाट अनुभवी गिर्यारोहकांसाठी सोडावी. नवे बूट थेट तेथे नेऊन घालण्याची चूक करू नये. महिनाभर आधी पाटणादेवी किंवा तोरणमाळच्या चढावर ते वापरून घ्यावेत, म्हणजे बुटांबरोबर पायही तयार होतात. उन्हाळ्यात आल्प्समध्ये दुपारनंतर गडगडाट होऊन पाऊस येतो, म्हणून सकाळी लवकर निघावे. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते, त्यामुळे ३,४५४ मीटरवरील युंगफ्राउयोख या बर्फाळ खिंडीत रेल्वेने जाताना गावात ऊन असले तरी लोकरीचे कपडे बरोबर हवेतच. तेथे हवाही विरळ असते. वर रेल्वेतून उतरल्यावर घाईने चालू नये.

स्वित्झर्लंडला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो.

राहण्यासाठी स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे, कारण बाहेरचे जेवण फार महाग पडते. भारतातून दूध, मांस आणि त्यांचे पदार्थ नेण्यास तेथे मनाई असल्याने साजूक तूप आणि पेढे घरीच ठेवावेत. कळण्याचे पीठ, काळा मसाला आणि बिबडे मात्र आठवणीने घ्यावेत. बहुतेक ठिकाणी विजेची शेगडी असते. तिच्यावर विस्तव नसल्याने भाकरी जाळावर फुगवता येत नाही. ती तव्यावरच उलटून, स्वच्छ फडक्याने कडेकडेने दाबावी, म्हणजे बऱ्यापैकी फुगते. मिरचीचा ठेचा करताना खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर धुराची घंटा वाजू लागते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, तेव्हा भाजी, दूध आणि तेल शनिवारी संध्याकाळपूर्वीच आणून ठेवावे.