गोचीड चावली असेल, तर रक्त देण्याआधी

रक्तदात्यांचे फॉर्म तपासणं हे माझं रोजचं काम. एकदा आमच्या एका नेहमीच्या रक्तदात्याने बाही वर केली आणि दंडाच्या आतल्या बाजूला काळा ठिपका दिसला. ‘तीळ आहे हो,’ तो म्हणाला. भिंग धरलं, तर तिळाला पाय होते. दोन दिवसांपूर्वी तो रानात भटकून आला होता. फॉर्मवर मात्र सगळीकडे ‘नाही’.

गोचीड अंगावर असेल तर आधी ती काढा. बारीक टोकाचा चिमटा घ्या, अगदी कातडीला टेकवून तिचं तोंड धरा आणि सावकाश, सरळ वर ओढा. पोट दाबू नका, पिळू नका. रॉकेल, पेटती काडी, नेलपॉलिश हे उपाय मी आजवर भरपूर ऐकलेत. एकही करू नका. जागा साबणाने धुवा आणि मोबाइलमध्ये तारीख टिपून ठेवा. ती तारीख पुढे फार कामाला येते.

नुसती गोचीड चावली म्हणून रक्तदान कायमचं बंद होत नाही. पण ताप, थंडी, अंगदुखी किंवा पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर रक्तपेढीत नाही, डॉक्टरकडे जायचं. गोचिडीतून होणाऱ्या लाइम आजाराचा चट्टा ती चावल्यानंतर साधारण 3 ते 30 दिवसांत उमटतो. म्हणून काहीही होत नसलं तरी महिनाभर थांबा, असं मी सांगते. तुमच्या रक्तपेढीचा नियम याहून कडक असेल तर अर्थातच तो पाळायचा.

लाइमची भीती सगळ्यांना असते, पण रक्तातून तो दुसऱ्याला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. मला धास्ती गोचिडीतूनच येणाऱ्या बबेसियाची. हा परजीवी थेट लाल पेशीत शिरतो, फ्रिजमधल्या पिशवीतही जिवंत राहतो, आणि धडधाकट माणसात कित्येकदा काहीच लक्षण दाखवत नाही. म्हणजे रक्तदाता ठणठणीत आणि पिशवी बाधित! ती पिशवी प्लीहा काढलेल्या, वयस्क किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाला गेली तर जिवावर बेतू शकतं. एचआयव्ही, कावीळ, गुप्तरोगाच्या चाचण्यांत तो सापडत नाही, त्याची चाचणी वेगळी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये 14 राज्यं आणि वॉशिंग्टन डीसीसाठी ती करण्याची शिफारस केली. जिथे ती होत नाही, तिथे भरवसा तुमच्या उत्तरांवर. कधीकाळी बबेसियोसिस, म्हणजे बबेसियामुळे होणारा आजार, झाला असेल, तर बरे होऊन कितीही दिवस झाले तरी ते लपवू नका.

गोचिडीतून येणारा आणखी एक जिवाणू, अॅनाप्लाझ्मा, रक्तातल्या पांढऱ्या पेशींत राहतो. त्या गाळून टाकल्या की धोका घटतो, संपत नाही.

आणि रक्त दिल्यावर ताप आला तर? किंवा घरी गेल्यावर गुडघ्यामागे गोचीड सापडली तर? लगेच फोन करा, रात्र उलटू देऊ नका. लाल पेशी काही आठवडे टिकतात, प्लेटलेट मात्र जेमतेम 5 दिवस, त्यामुळे त्या लवकर वापरल्या जातात. रक्तदानाची तारीख, कार्डावरचा क्रमांक आणि काय झालं एवढं सांगितलं तरी पुरे. पिशवी बाजूला काढायला तेवढंच लागतं. ‘उगाच त्रास दिला’ असं म्हणत फोन करणारे बरेच असतात. त्यांच्यावर आजवर आमच्याकडे कुणी वैतागलेलं नाही.