जीएसटी क्रमांकाविना विक्रेता नोंदणी अडली होती, ती अशी मार्गी लागली

वस्तूंची माझी वार्षिक उलाढाल जीएसटी नोंदणीसाठी महाराष्ट्रात लागू असलेल्या 40 लाखांच्या मर्यादेच्या बरीच आत असूनही, एका ऑनलाइन बाजारपेठेचा विक्रेता अर्ज जीएसटी क्रमांकाच्या रकान्यापाशी अडकत होता. रकाना रिकामा ठेवला, पॅन क्रमांक टाकून पाहिला, मदत केंद्राला तीनदा लिहिले. दरवेळी 'क्रमांक अवैध' एवढेच उत्तर येई. तीन आठवडे यातच गेले.

उत्तर जीएसटीच्या नियमांतच होते. 1 ऑक्टोबर 2023 पासून, मर्यादेखालील विक्रेत्याला केवळ आपल्याच राज्यात माल पुरवायचा असेल, तर जीएसटी नोंदणीऐवजी पॅनच्या आधारे मिळणारा नावनोंदणी क्रमांक (एनरोलमेंट नंबर) पुरेसा ठरतो. त्यासाठी प्रथम जीएसटी पोर्टलवर, नोंदणी नसलेल्या अर्जदारांच्या विभागात, ई-कॉमर्सद्वारे पुरवठा करण्याचे कारण निवडले. मग राज्य आणि पॅन भरले. येथे माझा पहिला अर्ज फेटाळला गेला होता, कारण मी दुकानाचे नाव लिहिले होते. एकल मालकीत पॅनवरील स्वतःचेच नाव अक्षरशः तसेच हवे. त्यानंतर मोबाइल व ईमेलवरील ओटीपी देऊन व्यवसायाचा पत्ता भरला आणि क्रमांक मिळाला.

शेवटी विक्रेता अर्जात 'जीएसटी नाही, नावनोंदणी क्रमांक आहे' हा पर्याय (तो बराच खाली दडलेला होता) निवडून तो क्रमांक भरला आणि पाठवणीचे क्षेत्र महाराष्ट्रापुरते ठेवले. परराज्यातील एकही ऑर्डर या क्रमांकावर स्वीकारता येत नाही, आणि पुढे जीएसटी नोंदणी घेतली की हा क्रमांक आपोआप निरुपयोगी ठरतो.