डेस्कटॉपचं वायफाय: पाठीमागून पुढे

राउटर हॉलमध्ये, माझा जुना डेस्कटॉप आतल्या खोलीत. आधी नखाएवढा यूएसबी अडॅप्टर घेतला. खोक्यावर '१५०' (मेगाबिट प्रति सेकंद, म्हणजे वेग) छापलेलं, पण तो आकडा ४० मेगाहर्ट्झच्या रुंद चॅनेलचा. शेजारपाजारच्या गर्दीत २० मेगाहर्ट्झच मिळतो, म्हणजे एका अँटेनाला फार तर ७२, तेही कागदावर.

मग ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा अडॅप्टर आणला. मी लिनक्स वापरतो, त्यामुळे डबीवरच्या नावापेक्षा आतली चिप कोणती ते आधी पाहिलं. मीडियाटेक एमटी७६१२यू निवडली. तिचा ड्रायव्हर (ती चालवणारं सॉफ्टवेअर) आवृत्ती ४.१९ पासून कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे. लावली की चालू. (पहिल्या अडॅप्टरचा ड्रायव्हर दर अपडेटला रुसायचा, तो ताप वेगळाच.)

५ गिगाहर्ट्झवर छान चाललं, पण २.४ वर अजून अडखळायचं. कारण गमतीशीर निघालं: शेजारच्याच यूएसबी ३ पोर्टला बॅकअपची हार्ड डिस्क होती, आणि यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ च्या पट्ट्यात येतो. शिवाय अडॅप्टर पाठीमागे, त्यामुळे कॅबिनेटचा पत्रा आडवा. मीटरभर एक्स्टेंशन केबल लावून अडॅप्टर टेबलावर, खिडकीशेजारी ठेवला. आता बॅकअप चालू असतानाही व्हिडिओ कॉल तुटत नाही.