क्यूईएमयू ७.२ वरून १०.० वर: नव्या सुविधा जुन्या व्हर्च्युअल मशीनपर्यंत कशा पोहोचवाल?

डेबियन १२ वरून डेबियन १३ वर आलात की क्यूईएमयू, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा सॉफ्टवेअरचा संगणक) चालवणारा प्रोग्रॅम, एका झटक्यात ७.२ वरून १०.० वर जातं. ७.२ आलं होतं डिसेंबर २०२२ मध्ये, १०.० आलं एप्रिल २०२५ मध्ये. वर्षाला साधारण तीन व्हर्जन येतात, त्यामुळे एवढ्या काळात झालेलं सात व्हर्जनांचं काम एकदम पदरात पडतं. पण अपग्रेडनंतर जुनं व्हर्च्युअल मशीन सुरू करून बघा. ना आवाजात फरक, ना ग्राफिक्समध्ये. पुष्कळ जण इथे निराश होतात आणि अपग्रेडमध्ये काही गडबड झाली असं समजतात. गडबड काही नसते. चालू मशीनच्या आतलं हार्डवेअर आपोआप बदलू नये याची काळजी क्यूईएमयू मुद्दाम घेतं. नवं जे हवं ते आपण स्वतः जोडायचं असतं.

खालची कृती डेबियन धरून लिहिली आहे, पण बहुतेक गोष्टी कुठल्याही लिनक्सवर लागू पडतील. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा. फक्त मेमरीच्या आकड्यापुढचा ‘जी’ मोठा.

१. अपग्रेडच्या आधी

सगळी मशीन पूर्ण बंद करा. व्हर्ट-मॅनेजर या मशीन सांभाळायच्या प्रोग्रॅममधलं ‘सेव्ह’ पुरेसं नाही. सेव्हमध्ये मेमरीसकट मशीनची अवस्था गोठवून ठेवलेली असते आणि ती अवस्था नव्या व्हर्जनमध्ये उघडायला लावणं म्हणजे विनाकारण जोखीम. गेस्टच्या, म्हणजे मशीनमध्ये चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, आतून नेहमीसारखं शटडाउन करा.

मग तीन गोष्टींची कॉपी काढा. पहिली, डिस्कची फाइल, जी सहसा ‘व्हार’मधल्या ‘लिब’, त्यातल्या ‘लिबव्हर्ट’ आणि त्यातल्या ‘इमेजेस’ फोल्डरमध्ये असते. दुसरी, मशीनचं वर्णन: ‘व्हर्श डम्पएक्सएमएल’ आणि पुढे मशीनचं नाव दिलं की ते मिळतं, एका फाइलीत साठवा. तिसरी वस्तू हमखास विसरली जाते. मशीन यूईएफआयवर (संगणक बूट करणारं आधुनिक फर्मवेअर) चालत असेल तर त्याची ‘एनव्हीरॅम’ची एक छोटी फाइल असते आणि बूटची नोंद तिच्यात असते. डिस्क शाबूत, पण ही फाइल हरवली, तर मशीन बूट होताना अडू शकतं.

२. अपग्रेडनंतर मशीनचा प्रकार बघा

आधी ‘क्यूईएमयू-सिस्टिम-एक्स८६_६४’ या कमांडला ‘--व्हर्जन’ जोडून १०.० आलं आहे याची खात्री करा. मग ‘व्हर्श एडिट’ने मशीनचं वर्णन उघडा. वरच्या भागात ‘मशीन’ या शब्दापुढे ‘पीसी-क्यू३५-७.२’ असं काहीतरी दिसेल. त्यातलं क्यू३५ म्हणजे मदरबोर्डचा नमुना. उबुंटूवर आकड्याऐवजी उबुंटूच्या आवृत्तीचं नाव असतं.

हा शेवटचा आकडा म्हणजे गेस्टला दिलेलं वचन आहे. होस्टवर, म्हणजे तुमच्या खऱ्या संगणकावर, क्यूईएमयू कुठलंही असो, गेस्टला मदरबोर्ड ७.२ च्याच गुणधर्मांचा दिसेल. म्हणूनच विंडोज किंवा जुनं लिनक्स अपग्रेडनंतरही निमूट चालू होतं. क्यू३५ प्रकारात किती सीपीयू देता येतात याची कमाल मर्यादा ७.२ मध्ये २८८ होती, ९.० पासून ती ४०९६ झाली. जुन्या प्रकाराच्या मशीनला मात्र जुनीच मर्यादा लागू राहते.

प्रकार बदलायचा असेल तर तिथे नुसतं ‘क्यू३५’ लिहून सेव्ह करा. लिबव्हर्ट (व्हर्श आणि व्हर्ट-मॅनेजर ज्याच्या आधाराने चालतात ते सॉफ्टवेअर) स्वतःच त्याचा सर्वांत नवा प्रकार करून ठेवतं. पण माझं स्पष्ट मत असं की चालू कामाच्या मशीनवर ही घाई करू नये. लिनक्स गेस्ट सहसा तक्रार करत नाही, विंडोज मात्र हार्डवेअर बदललं असं समजून पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकतं. शिवाय पुढच्या पायऱ्यांत जी उपकरणं जोडायची आहेत ती जुन्या प्रकारालाही जोडता येतात. जुना प्रकार कायमचा टिकणार नाही, हे मात्र लक्षात ठेवा. ९.१ पासून नियम असा आहे की आकडा लावलेला प्रकार तीन वर्षांनी कालबाह्य ठरतो आणि सहा वर्षांनी काढून टाकला जातो. तेव्हा वर्षा-दोन वर्षांत, निवांत दिवस बघून, बॅकअप हाताशी ठेवून बदला.

क्यूईएमयू थेट कमांडने चालवणाऱ्यांनी उलट बाजूने सावध राहावं. स्क्रिप्टमध्ये नुसतं ‘क्यू३५’ लिहिलेलं असेल तर प्रत्येक अपग्रेडला गेस्टचा मदरबोर्ड गुपचूप बदलतो. तिथे पूर्ण नाव आकड्यासकट लिहा.

३. आवाज

इथे दोन वेगळे बदल झाले आहेत. ८.१ मध्ये होस्टच्या बाजूला पाइपवायरचा (लिनक्सवर आवाज सांभाळणारी सेवा) थेट आधार आला. ८.२ मध्ये गेस्टच्या बाजूला ‘व्हर्टिओ-साउंड’ हे नवं साउंड कार्ड आलं (‘व्हर्टिओ’ म्हणजे खास व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलेली उपकरणं). दोन्ही एकत्र वापरायचे तर कमांडमध्ये ‘-ऑडिओडेव्ह पाइपवायर,आयडी=एसएनडी०’ आणि ‘-डिव्हाइस व्हर्टिओ-साउंड-पीसीआय,ऑडिओडेव्ह=एसएनडी०’ जोडा. ‘आयडी’पुढे काहीही नाव द्या, पण दोन्हीकडे तेच हवं.

आवाज आलाच नाही तर ‘-ऑडिओडेव्ह हेल्प’ चालवा. यादीत पाइपवायर नसेल तर त्याचं मॉड्यूल बसलेलं नाही. यादीत असूनही आवाज नसेल तर क्यूईएमयू रूट म्हणून चालवताय का ते बघा. पाइपवायर तुमच्या लॉगिनच्या सत्रात चालतं, रूटला ते सापडत नाही.

गेस्टमध्ये लिनक्स कर्नल ५.१३ किंवा पुढचा हवा, व्हर्टिओ-साउंडचा ड्रायव्हर तेव्हापासून आहे. विंडोज गेस्टला नेहमीचं आयसीएच९चं कार्डच राहू द्या.

४. ग्राफिक्स: व्हल्कन गेस्टमध्ये

या सगळ्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही. आजवर व्हर्टिओच्या ग्राफिक्स कार्डावर गेस्टला ओपनजीएल (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याची जुनी पद्धत) मिळत होतं. ९.२ पासून ‘व्हीनस’ या दुव्यामार्फत गेस्टमधल्या व्हल्कनच्या (ओपनजीएलनंतरची नवी पद्धत) हाका होस्टच्या खऱ्या ग्राफिक्स कार्डापर्यंत पोहोचतात. त्यासाठी कार्ड कुठल्या एका मशीनला तोडून द्यावं लागत नाही, होस्टचा डेस्कटॉप चालूच राहतो.

पण डेबियन १३ वर इथेच अडकायला होतं. केव्हीएमसोबत (व्हर्च्युअल मशीन वेगाने चालवणारी लिनक्स कर्नलमधली सोय) व्हीनस नीट चालायला होस्टचा कर्नल ६.१३ किंवा पुढचा लागतो, कारण ग्राफिक्सच्या मेमरीची पानं गेस्टला दाखवायची सोय केव्हीएममध्ये तेव्हा झाली. डेबियन १३ सोबत कर्नल येतो ६.१२. म्हणजे क्यूईएमयू तयार आणि कर्नल एक पाऊल मागे. ‘यूनेम -आर’ चालवून बघा. ६.१२ दिसला तर बॅकपोर्ट्समधून (डेबियनचा नव्या पॅकेजांचा वेगळा साठा) नवा कर्नल घ्या, नाहीतर सध्या ओपनजीएलवर समाधान माना.

कर्नल जुळला की कमांडमध्ये ‘-डिव्हाइस व्हर्टिओ-व्हीजीए-जीएल,होस्टमेम=४जी,ब्लॉब=ट्रू,व्हीनस=ट्रू’ आणि ‘-डिस्प्ले जीटीके,जीएल=ऑन’ द्या. ‘होस्टमेम’चा आकडा पाहून घाबरू नका. ४ जीबी रॅम लगेच अडकून पडत नाही. होस्टची ग्राफिक्स मेमरी गेस्टला जिच्यातून दिसते, त्या खिडकीचा तो आकार आहे.

गेस्टमध्ये मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या संग्रहातले व्हल्कन ड्रायव्हर आणि व्हल्कन टूल्स बसवून ‘व्हल्कनइन्फो --समरी’ चालवा. उपकरणाच्या नावात ‘व्हीनस’ दिसलं तर जमलं. नुसतं ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर सगळं चित्र सीपीयूच काढतोय, म्हणजे वरच्या साखळीतली एखादी कडी सुटली आहे: कर्नल, होस्टवरचं व्हर्गलरेंडरर (गेस्टच्या ग्राफिक्सच्या हाका पुढे नेणारी लायब्ररी) किंवा गेस्टमधला मेसा. याच क्रमाने तपासा. विंडोज गेस्टसाठी हा मार्ग धरू नका.

५. डिस्क

पूर्वी व्हर्टिओ डिस्कचं सगळं काम एकाच थ्रेडवर पडायचं. ९.० पासून एकाच डिस्कच्या वेगवेगळ्या रांगा वेगवेगळ्या थ्रेडना वाटता येतात आणि १०.० मध्ये हीच सोय व्हर्टिओ-स्कझी या डिस्क जोडण्याच्या दुसऱ्या प्रकारालाही मिळाली. होस्टमध्ये एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) असेल, गेस्टला चार-आठ सीपीयू दिलेले असतील आणि आत डेटाबेससारखं काही राबत असेल तर लिबव्हर्टच्या ‘आयओथ्रेड्स’ विभागात हात घाला. घरच्या लॅपटॉपवर एक डेस्कटॉप चालवत असाल तर ही पायरी सोडून द्या.

६. रास्पबेरी पाय ४

९.० मध्ये ‘रास्पी४बी’ हा बोर्ड (रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाची नक्कल) आला हे वाचून पुष्कळांना पायची कार्डाची इमेज तशीच चालवून बघायचा मोह होतो. चालवा, पण दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. कार्डाच्या इमेजचा आकार दोनाच्या घातात हवा, ४, ८, १६ जीबी असा. नाहीतर क्यूईएमयू सुरूच होत नाही. ‘क्यूईएमयू-आयएमजी रीसाइझ’ने आकार वाढवून घ्या. दुसरं, १०.० मध्येही या बोर्डावर इथरनेट नाही आणि पीसीआय एक्सप्रेसही नाही. बूटची प्रक्रिया शिकायला, स्वतःचा छोटा कर्नल चालवून बघायला बोर्ड चांगला आहे. एआरएम प्रोसेसरवर प्रोग्रॅम तपासायचे असतील, नेटवर्क लागणार असेल, तर बोर्डाचा हट्ट सोडून ‘व्हर्ट’ हा प्रकार घ्या. त्यात सगळं जोडता येतं.

७. जे काढून टाकलं

नव्यासोबत काही जुनं जातंही. व्हर्टिओएफएसने होस्टचा फोल्डर गेस्टला दिलेला असेल तर अपग्रेडनंतर ते मशीन सुरू होताना अडू शकतं. क्यूईएमयूसोबत येणारा सी भाषेतला ‘व्हर्टिओएफएसडी’ ८.० मध्ये काढला गेला. त्याच्या जागी रस्टमध्ये लिहिलेला स्वतंत्र प्रकल्प आला आहे. डेबियनमध्ये त्याच नावाचं वेगळं पॅकेज बसवा आणि मशीन पुन्हा सुरू करा.

नेटवर शोधलेल्या जुन्या कमांडमध्ये ‘-साउंडएचडब्ल्यू’ असेल तर ती चालणार नाही, ७.१ मध्येच तो पर्याय गेला. विंडोज होस्टवर ‘एचएएक्सएम’ (मशीन वेगाने चालवणारा इंटेलचा ड्रायव्हर) वापरणाऱ्यांचा आधार ८.२ मध्ये संपला, तिथे आता ‘डब्ल्यूएचपीएक्स’ ही विंडोजची स्वतःची तशीच सोय वापरा. आणि क्यूईएमयू स्वतः कंपाइल करत असाल तर आधी ‘लिबस्लर्प’ या नेटवर्कच्या लायब्ररीचं डेव्हलपमेंट फाइल्सचं पॅकेज बसवा. ७.२ पासून लिबस्लर्प क्यूईएमयूच्या सोर्ससोबत येत नाही. ते नसेल तर कंपाइल व्यवस्थित होतं, पण गेस्टचं साधं ‘यूझर’ नेटवर्क मागितलं की ते या बिल्डमध्ये नाही असा निरोप मिळतो.